हिरव्या साडीतली बाई

“आधी गोरी कर,” जोतीरामशेठ म्हणाले आणि तोंडातला मावा त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात सारला. “मग साडी लाव. हात जोडलेली.”

पडद्यावर एका पुढाऱ्याच्या बायकोचा चेहरा होता. उद्या तिचा वाढदिवस, संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागायला हवा. सोनालीने चेहरा उजळला. शेठ म्हणाले, अजून. तिने अजून उजळला. ओठाजवळचा तीळ गेला, गालावरच्या रेषा गेल्या.

“शेठ, आता नाक जायला लागलंय.”

“जाऊ दे की. वहिनी काय नाकावर निवडून येणार हायेत?”

राहिली ती कणकेच्या गोळ्यासारखी बाई. माउस चिकट होता. कीबोर्डच्या फटींत सुपारीचा चुरा साचला होता. भिंतीच्या कोपऱ्यात पिचकाऱ्यांचे ओघळ होते. आणि या सगळ्यात सोनाली आपल्या पायांनी चालत आली होती, काम द्या म्हणून.

डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती. पुण्याच्या एका कंपनीने चाचणी म्हणून तिच्याकडून पाच बोधचिन्हं करून घेतली आणि पुढे फोन उचलला नाही. त्यातलंच एक तिला नंतर कुठल्याशा पिशवीवर छापलेलं दिसलं. सोलापुरातलं हे सातवं दुकान. इथेही जमलं नाही तर सोमवारपासून टॉवेलच्या घड्या घालायला जायचं, असं नायनांनी, तिच्या वडिलांनी, कारखान्यात सांगून ठेवलं होतं.

या गल्लीत पूर्वी पाट्या रंगवणारे बसत. खडू लावलेली दोरी ताणून, आपटून, आधी सरळ रेघ घेत आणि एका नावासाठी अख्खी सकाळ घालवत. सोनालीच्या जन्माआधीच ते उठून गेले. तिने पाहिलं होतं ते अम्माचं, तिच्या आईचं, काम. अम्मा कारखान्यातून चादरीच्या नक्षीचे टाकून दिलेले ग्राफपेपर आणायची. बारीक घराघरांतून रंगवलेला मोर असायचा. “एक घर चुकलं की मोर लंगडा होतो,” ती सांगायची. उरलेली घरं लेकीने भरायची. रंगांचं वेड सोनालीला तिथून लागलं. त्याच कारखान्यात मागाने अम्माच्या उजव्या अनामिकेचं वरचं पेर नेलं होतं.

“चार नंबरचं उघड,” शेठ म्हणाले. “हिरवी साडी. आपलं हुकमी हाय ते. कुठल्याबी वहिनीला बसतंय.”

फोल्डरमध्ये मुंडकी कापलेल्या बायका रांगेने उभ्या होत्या. हिरवी साडी सोनालीला पाठ होती. सगळ्या शहरालाच पाठ होती. दिवाळी असो, हळदीकुंकू असो, चौकाचौकात तीच साडी, त्याच निऱ्या, वर डोकं तेवढं नवं. मैत्रिणींबरोबर ती पोट धरून हसायची या बाईला. खाली मात्र नेहमी शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची पट्टी असायची. त्या पट्टीखाली बाईचे हात झाकलेले असत.

फाइल उघडली. ते धड तिने पहिल्यांदाच पायापर्यंत पाहिलं. पाय अनवाणी होते. जोडलेल्या हातांत उजव्या हाताचं एक बोट आखूड होतं.

सोनालीने चित्र मोठं करून पाहिलं: अनामिका, वरचं पेर नसलेली.

ती बारा वर्षांची होती. तेव्हा या दुकानात फोटो स्टुडिओ होता. शेजारच्या बाईंची हिरवी रेशमी साडी अम्माने दोन तासांसाठी मागून आणली होती. तुटक्या चपला फोटोत नकोत म्हणून काढून लेकीच्या हातात दिल्या होत्या. आपला एक पूर्ण उभा फोटो असावा, एवढीच हौस. चार दिवसांनी दोघी फोटो न्यायला आल्या तर हेच शेठ म्हणाले होते, “खराब आला की ओ. परत कधी या.” शेजारच्या बाईंकडे पुन्हा साडी मागायला अम्माची जीभ रेटली नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत अम्मा दवाखान्यात गेली. नायना दिवसभर फाटकाशी उभे होते. अंधार पडल्यावर आतून निरोप आला, घरी नेता येणार नाही. मग भिंतीवर लावायला आधार कार्डावरचा चेहरा मोठा केला. त्याच्यावरचे डाग सोनालीनेच रात्रंदिवस बसून पुसले होते. तो तिच्या पेनड्राइव्हमध्ये होता.

शेठ थुंकायला बाहेर गेले. तिने पेनड्राइव्ह लावला. चेहरा उचलला आणि साडीच्या वर ठेवला. उजळायचं काही नव्हतं. रंग जुळवावा लागला नाही. मान मानेला जाऊन लागली.

शेठ आत आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले. मानेशी जोड शोधू लागले. त्यांनी ओळखलं नाही.

“ही कोण बसवलीस? जाऊ दे, कुणी का असंना. पन काय बसवलीस पोरी. जोडच दिसंना की. एवढ्या वर्षांत आमच्यात कुणाला हे जमलं न्हाय.” त्यांनी तिच्या खुर्चीवर थाप मारली. “उद्यापासून ये. आता तेवढं हे डोकं काढ, आन् वहिनींचं बसव.”

सोनालीने फाइल आपल्या पेनड्राइव्हमध्ये घेतली. मग फोल्डरमधून चार नंबर पुसून टाकला. पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला आणि ती उठली.

“आगं, कुटं निघालीस? वहिनींचं राहिलं की.”

“अम्माला घरी न्यायचंय,” सोनाली म्हणाली.