किरणांचा विटाळ

"तिथंच थांब, प्राजू. पाळण्याजवळ येऊ नको."

कोर्टात हरकत घ्यावी, त्या आवाजात बापूसाहेब बोलले. दिवाणखान्यातल्या बायकांनी वळून पाहिले. प्राजक्ता उंबरठ्यावर उभी राहिली. भावाच्या मुलीचे बारसे होते. ती एकुलती आत्या. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा. त्यासाठी ती सकाळी अमरावतीहून अकोल्याला आली होती. स्तनाच्या कर्करोगावरच्या किरणोपचाराची पंचविसावी आणि शेवटची फेरी कालच संपली होती.

तिच्यासाठी बाहेर पोर्चमध्ये खुर्ची मांडलेली होती. शेजारी स्टुलावर वेगळे ताट, वेगळा पेला. बायकांना महिन्यातून तीन दिवस बाजूला बसवण्याची या घराला जुनी सवय होती. या वेळी फक्त कारण नवे होते.

"बाबा, मी कॉलेजात फिजिक्स शिकवते," प्राजक्ता म्हणाली. "यंत्र शरीराबाहेर असतं. किरण आत शिरतात, पेशी मारतात आणि त्याच क्षणी संपतात. यंत्र बंद झालं की अंगात काही उरत नाही. तुमच्या छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा तुम्हाला कोणी वेगळं ताट दिलं होतं?"

"एक्स-रे क्षणभराचा. तुले पंचवीस दिवस शेकलं."

"पंचवीस दिवस उन्हात बसले असते, तर अंधारात चमकले असते का?"

मागे कोणीतरी हसले. बापूसाहेब हसले नाहीत.

"मास्तरकी तिकडं अमरावतीले कर. इथं लेकराचा प्रश्न आहे."

त्यांनी पाळण्यातून नात उचलली आणि खांद्याशी धरली. नाव शेजारच्या काकू सांगतील, असे जाहीर केले. गौरांग, बाळाचा बाप, मोबाइलमध्ये पाहू लागला. इशिता, बाळाची आई, काही बोलणार होती. सासऱ्यांकडे पाहून तिने तोंड मिटले. गेल्या सहा महिन्यांत आजाराचा आला नव्हता इतका संताप प्राजक्ताला त्या दोन मिटलेल्या तोंडांचा आला.

"आई, माझी बॅग दे. मी निघते."

माणिकबाई बॅग घेऊन आल्या, पण त्यांनी ती सोडली नाही. "अवं, असं काय करतं? त्याईचं मनावर नको घेऊ. त्याईचीच तब्येत बरी नाही. सोमवारी नागपूरले नेलं होतं. थायरॉईड लय वाढली म्हणे. एकच गोळी दिली. शिशाच्या डब्यातून काढली, तेही चिमट्यानं."

प्राजक्ता थबकली. "आयोडीनची गोळी?"

"हो, तेच."

आज शुक्रवार होता.

"सोबत कागद दिला असेल," ती सावकाश म्हणाली. "त्यात काय लिहिलं होतं, बाबा?"

"दोन-तीन आठवडे लहान लेकरं जवळ घेऊ नका, असं काहीबाही." बापूसाहेबांनी मोकळा हात झटकला आणि नातीच्या गालाचा मुका घेतला. "चाळीस वर्षं वकिली केली मी. असे कागद स्वतःच्या बचावासाठी लिहिलेले असतात. अन् माझ्यावर कुठं किरण मारले? मी तर नुसती गोळी गिळली."

प्राजक्ताने उंबरठा ओलांडला. "इशिता, बाळ काढून घे त्यांच्याकडून. आधी घे, मग सांगते."

इशिताने या वेळी सासऱ्यांकडे पाहिले नाही. बाळ तिच्या हातात आले, तेव्हा बापूसाहेबांचे हात अजून तसेच होते.

"काहून?" त्यांनी विचारले.

"कारण माझ्यावर किरण पडले आणि संपले. तुम्ही किरण सोडणारा पदार्थच गिळलाय. तो तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसलाय. चार दिवस तिथून किरण निघताहेत. लाळेतून आणि घामातून तो पदार्थही बाहेर येतोय. या घरात वेगळं बसायला हवं होतं, बाबा, पण ते मला नाही."

गौरांगने मोबाइल खिशात घातला. इशिताने पदराने बाळाचा गाल पुसला, पुन्हा पुसला, आणि मग बाळ प्राजक्ताच्या हातात दिले.

"ताई," ती म्हणाली, "सोमवारपासून ही रोज दुपारी त्यांच्याच छातीवर झोपते."