रुपलचा श्वास

वाढवणच्या विठाबाईची तरुण लेक रुपल जेवण टाकून टाकून काडी झाली होती. "आई, माझाच श्वास मला कानात मोठ्यानं ऐकू येतो गं," ती रडत सांगायची. डहाणूचे डॉक्टर म्हणाले, "अंगावरचं मांस झडलं की असं होतं. तिला खायला घाला." विठाबाईनं हातापाया पडून पाहिलं, पण घास काही उतरला नाही. रुपल गेली.

बाराव्याला विठाबाई पानावर बसली आणि तिच्या कानात श्वास सुरू झाला. थकलेला, ओळखीचा.

तिनं एक घास खाल्ला. श्वास मंदावला.

"दोन घास तरी खा," नवरा देवजी काकुळतीनं म्हणाला.

विठाबाईनं पान दूर सारलं. श्वास पुन्हा मोठा झाला.