चार आठवड्यांचा मधुचंद्र

"इथे लोखंडी शिड्या आहेत," नकाशावर लाल पेन्सिलीने फुली मारत ग्रेगोर म्हणाला. "सरळ कड्यात ठोकलेल्या. पायाखाली आठशे मीटर नुसती हवा! गेल्या वर्षी एक शिडी निसटली होती, पण आता नवी बसवलीय म्हणे."

वीबकेने कॉफीचा कप खाली ठेवला.

१९८४ चा एप्रिल होता आणि लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, ग्रेगोरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अख्खा युरोप पसरला होता. मधुचंद्र चार आठवड्यांचा. लाल फुली म्हणजे साहस, निळी म्हणजे आराम. बेत दोघांनी मिळून करायचा, हे ग्रेगोरचंच म्हणणं. निळ्या फुल्या त्याने दोनच मारल्या होत्या: हंगेरीतली गरम पाण्याची कुंडं आणि दक्षिणेकडच्या तळ्यावर त्याच्या मामाचं लाकडी घर, तेही दोन दिवस. बाकी नकाशा गोवर उठल्यासारखा लाल झाला होता.

वीबके ब्रेमेनची, सपाट मुलखातली. ग्रेगोरचा धंदाच लोकांना दोर बांधून डोंगरावर न्यायचा. अशा माणसाशी लग्न ठरवून कड्यांना घाबरायचं म्हणजे कोळ्याच्या घरात पडून मासळीला नाक मुरडण्यातलाच प्रकार. पण तिची भीती नुसती उंचीची नव्हती.

महिन्यापूर्वी बेकरीतली बाई पाव बांधता बांधता बोलून गेली होती, "मधुचंद्राला निघालात? जपून हो. आफ्रा बिचारी अकरा दिवसांची नवरी होती."

पहिली बायको आफ्रा अपघातात गेली, एवढंच ग्रेगोरने सांगितलं होतं. पुढे त्याने तोंड उघडलं नाही आणि वीबकेने विचारलं नाही. विचारणार तरी काय? दोर तुझ्या हातात होता का? रोज सकाळी तिचे बूट शेगडीपाशी उबेला ठेवणाऱ्या माणसाला असं कसं विचारायचं? तिचं त्याच्यावर प्रेम होतं आणि तिला त्याची भीती वाटत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही मिळून तिचा जीव खात होत्या.

म्हणून ती घासाघीस करायला लागली.

"शिड्या नकोत ना रे."

"आणि त्याच्याऐवजी?"

"कुंडांवर दोन दिवस जास्त राहू."

"अगं, तिथे म्हातारे जातात गुडघे शेकायला!" तो हसला, पण फुली खोडली. "बरं, फ्रान्समधली हिमनदी तरी राहू दे. बर्फात भेगा असतात, वरून दिसत नाहीत. पण घाबरायचं काय त्यात? दोर माझ्याच हातात असणार."

वीबकेने त्या फुलीवर हात ठेवला.

"तेही नको. तळ्यावर राहू ना आणखी."

तो तोंड पाडायचा. मित्र काय म्हणतील, वाटाड्याची बायको पाण्यात पाय सोडून बसलीय, असं कुरकुरायचा. मग उसासा टाकून खोडरबर उचलायचा. असं आठवडाभर चाललं. डोलोमाइटचे सुळके गेले, नॉर्वेचा कडा गेला. शेवटी एकच लाल फुली उरली, गावावरच्याच डोंगराच्या धारेची.

"ही मात्र राहणार," ग्रेगोर म्हणाला. "पाऊलभर रुंद वाट. तू पुढे, मी मागे."

तिथे वीबकेचा बांध फुटला. ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. "मला कधीच नेऊ नकोस तिथे. तळ्यावरच राहू. हवे तितके दिवस राहू."

त्याने तिला जवळ घेतलं. "अगं वेडे! तीन आठवडे नुसती नाव वल्हवायची?"

"हो."

"मग तू म्हणशील तसं," म्हणत त्याने शेवटची फुली खोडली.

वीबकेला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या समजूतदार माणसावर आपण काय काय संशय घेतला! निदान आफ्राच्या पाटीला फुलं तरी वाहावीत, म्हणून ती घराबाहेर पडली; आफ्रा गावच्या डोंगरावरूनच पडली असणार, हे तिने धरलंच होतं. त्या मुलखात माणूस अपघाताने जातो, तिथेच त्याच्या नावाची लाकडी पाटी लावतात, आणि तो कसा गेला त्याचं चित्र पाटीवर रंगवतात.

धारेकडे जाणाऱ्या वाटेवर तिला अकरा पाट्या मिळाल्या. कुणावर वीज पडली होती, कुणी ओंडक्याखाली सापडला होता, कुणी बर्फात गाडला गेला होता. आफ्रा कुठेच नव्हती. बायकोची साधी पाटीही न लावण्याइतकं ह्याला काय लपवायचं होतं?

ग्रेगोरची आत्या बुर्गी दर वसंतात गावच्या पाट्यांना नवा रंग द्यायची. वीबके फुलं हातात तशीच घेऊन तिच्याकडे गेली. आत्या अंगणात ब्रश धूत होती.

"आत्या, आफ्राची पाटी का नाही लावली तुम्ही?"

"नाही कशी? मीच तर रंगवली."

"मी सगळी वाट पालथी घातली."

"डोंगरावर कशी मिळेल, पोरी?" आत्या म्हणाली. "ती बुडाली गं. पाटी तळ्यावर आहे, मामाच्या घरामागे."

"तळ्यावर? पण ग्रेगोर तर डोंगरांशिवाय बोलत नाही."

"तेव्हाही हेच होतं त्याचं. नकाशाभर डोंगर." आत्याने ब्रश फडक्याला पुसला. "पण ती तुझ्यासारखीच भित्री. रडून रडून एकेक डोंगर खोडायला लावला त्याला, आणि तळं तिनेच मागून घेतलं."