बारवेचं सुवेर

"सुवेर हाये माय. आत नाही जाता येत," जनकाबाई म्हणाली, आणि बारवेच्या पहिल्या पायरीवर आडवी टाकलेली बाभळीची काटी तिने चपलेने आणखी पुढे सरकवली. काटीला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला होता.

अनुपमा साखरखेर्ड्यापर्यंत जीपने आणि तिथून शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने चालत आली होती. खांद्यावर जाळी, कपाळावर बॅटरी, पाठीवर नमुन्यांच्या नळ्यांची पेटी. शिकलेली जनावरांची डॉक्टर, पण तीन वर्षांपासून वटवाघळांच्या मागे लागलेली. बुलढाण्याला घरी आई कपाळावर हात मारायची. "गाई-म्हशी काय संपल्या काय गं जगातल्या?"

गोष्ट साधी होती. दोन गावांच्या जुन्या बारवांमध्ये वटवाघळांची पिल्लं मरत होती. पहिल्या वर्षी अकरा, दुसऱ्या वर्षी सव्वीस, आणि यंदा तर सत्तरच्या वर. काहीतरी रोग होता आणि तो पसरत होता. पण प्रयोगशाळेत पाठवलेला एकेक नमुना स्वच्छ निघत होता. मार्गदर्शक सरांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, "तिसऱ्या बारवेचे नमुने आण. रोग सापडला तर प्रबंध, नाहीतर गाशा गुंडाळ." ती तिसरी बारव म्हणजे जनकाबाईच्या मळ्यातली ही. पिल्लांचा हंगाम संपायला जेमतेम महिना उरला होता.

पण घरात बाळंतीण असल्यावर काय बोलणार? बारवेच्या कोनाड्यात साती आसरांचं ठाणं आहे, सुवेरात तिथे कोणी जाऊ देईल का? अनुपमा मागे फिरली. "बरं मावशी. फिटलं की येते," म्हणाली. जनकाबाईने मान हलवली.

बारा दिवस तिने कसेबसे काढले. रिकामी बसवेना म्हणून उरलेल्या दोन बारवांमध्ये रोजच जाऊ लागली. रोज मेलेली पिल्लं सापडत होती. अंगठ्याएवढी, केस न फुटलेली. ती उचलून नळीत घालताना तिचा जीव तुटायचा. कॉलेजात एक म्हातारे सर शिकवायचे, "आजार शोधायच्या आधी गोठा पाहा, आणि गोठ्याच्या आधी आपले हात." ते आठवून ती बारवेत उतरण्याआधी दोनदा हात धुवायची, नवे हातमोजे घालायची. तरी पिल्लं मरतच होती.

तेराव्या दिवशी ती मळ्यात हजर. चिखलीच्या बाजारातून खास घेतलेलं पिवळं झबलं-टोपडं तिने जनकाबाईच्या हातात ठेवलं. "मुलगा की मुलगी, मावशी?"

जनकाबाईने झबलं उलटंपालटं करून पाहिलं. मग ती अशी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "अवो माय! माह्या घरी कोन बाळंत व्हते? सून माही पंचेचाळीसची हाये!"

"मग सुवेर?"

"त्यायचं," जनकाबाईने बारवेकडे बोट केलं. "वाघळायचं. वैशाखातल्या अखाजीले काटी लावतो, पोळ्याले काढतो. एकेकीच्या पोटाले एकेक लेकरू चिटकून असते. मानूस आत गेला का त्या भेदरून उडते, अन् लेकरू सुटून पडते खाली. पडलं का मेलंच समज. बाळंतिणीले कोनी दचकवते का?"

अनुपमाने पुस्तकांत हे वाचलं नव्हतं असं नाही. पण ती पायात कापडी बूट घालून हळू उतरायची, बॅटरीला लाल कागद लावायची. आपण म्हणजे माणूस नव्हेच, आपण तर डॉक्टर, असं तिने धरूनच टाकलं होतं.

"तुमच्याकडं... मेलेली पिल्लं निघत असतील ना?"

"नाही वो. पोळ्याले समदी लेंडी काढतो, चाळून वांग्याले टाकतो. चाळीस वर्स झाले चाळून राह्यली. लेकराचं हाडूक नाही गावलं."

अनुपमाने पिशवीतून वही काढली. पहिल्या वर्षी ती पंधरा दिवसांनी एकदा जायची. अकरा. दुसऱ्या वर्षी काळजी वाटली म्हणून आठवड्याला. सव्वीस. यंदा तीन दिवसांआड. सत्तरच्या वर. गेले बारा दिवस तर रोज, आणि त्या एकट्या बारा दिवसांत आणखी चाळीस. आकडे तिनेच लिहिले होते, तारखाही तिच्याच. शेजारी शेजारी.

जनकाबाई वहीत डोकावली. अक्षर तिला येत नव्हतं, पण समोरच्या पोरीचा चेहरा वाचता येत होता.

"लेकरं मरते म्हनून तू जातं," ती हळूच म्हणाली, "का तू जातं म्हनून मरते?"

अनुपमा तिथेच खाली बसली आणि पोटभर रडली. प्रबंधासाठी नाही. त्या अंगठ्याएवढ्या पिल्लांसाठी. जनकाबाईने तिला गप्प केलं नाही. झबलं तिच्या मांडीवर ठेवलं आणि माठातलं पाणी आणायला गेली.

पाणी पिऊन झाल्यावर अनुपमाने पेन उघडलं. वहीत शेवटचा एक रकाना होता, 'मृत्यूचे कारण'. तीन वर्षं तिथे एकाच शब्दाची ओळ लागली होती: अज्ञात, अज्ञात, अज्ञात. पहिल्या पानापासून तिने एकेक शब्द खोडला, आणि प्रत्येकापुढे आपलं नाव लिहिलं.