खणखणीत वीट

या, जवळ सरकून बसा. एक खणखणीत गोष्ट सांगतो. आमचं चर्च जळालं, त्याच महिन्यात आमच्या गवंडी मिस्तरीची बायको वारली. उपासनेत पहिलं गीत तीच उचलायची. चर्च पुन्हा उभं करायला घेतलं, त्या बांधकामावरचा मी मुकादम. काळ्याठिक्कर भिंती बघून म्हणालो, “पाडा सगळं! जळक्या विटांचा काय भरवसा? आणि मिस्तरी, देवाने तुझं एवढं वाटोळं केलं, तरी त्याचंच घर बांधतोस?” मिस्तरी हसला. नव्या ढिगातली कच्ची भाजलेली वीट त्याने थापीने ठोकली. भद्द! मग जळक्या भिंतीतली ठोकली. खण्ण! “मुकादम, ही दोनदा भाजली, एकदा भट्टीत, एकदा आगीत, म्हणून अशी वाजते. आता मी वाजतो का, बघा!” आणि थापीच्या ठेक्यावर त्याने बायकोचं गीत उचललं, आवाज फाटला, पण सोडलं नाही. भिंत तशीच ठेवली. रविवारी मीही तिलाच टेकून गातो. प्रार्थनेत माझी आठवण ठेवा. मी अजून भट्टीतच आहे.