दळण

नवरा फौंड्रीत भाजून गेला, तेव्हा काळेवाडीतल्या मदत समितीने शेवंताला महिन्याला वीस किलो गहू मंजूर केला. रोख काही द्यायचं नाही, आणि कुणी गहू विकला किंवा बदलून घेतला तर यादीतून नाव काढायचं, असा ठराव होता. या लोकांच्या हातात पैसा दिला की त्याला पाय फुटतात, असं वस्तीतल्या सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

"दादा, गिरणीवाला दळणाचे पैसे मागतोय, आन् घरात जातं न्हाई. चार आणे तेवढे द्या," असं ती समितीच्या सयाजीरावांना तीनदा सांगून आली.

"ठरावात रोख बसत नाही, बाई."

मग तिने गहू उकडून पोरांना घातला. धाकटीच्या पोटाला तो सोसला नाही. जुलाबांनी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा शेवंताने गव्हाचं पोतं बांधून ठेवलं.

महिनाअखेरीस सयाजीराव पाहणीला आले. निजलेल्या पोरीला ओलांडून त्यांनी कोपऱ्यातलं पोतं हाताने चाचपलं आणि वहीत शेरा लिहिला.



"गहू जवळपास तसाच शिल्लक. कुटुंबाला गरज दिसत नाही. नाव कमी करावे."