नळीचा सांधा

वाफ पुन्हा नळीच्या सांध्यातूनच फुसफुसत बाहेर पडली. छोट्या पितळी इंजिनाची चाकं जागची हलली नाहीत. शिटी तर दूरच.

श्रीपादरावांनी इंजिनाखालचा दिवा विझवला. "हात थकले आता," ते म्हणाले. "सांध्याला पुन्हा डाख द्यावा लागेल."

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी कप उचलले आणि मान खाली घालून आत गेल्या.

रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर श्रीपादरावांनी हे इंजिन हाताने घडवलं होतं. पत्रा कापून, कानशीने घासून. भट्टीचं इवलंसं दारसुद्धा उघडायचं. अनिमेषने, त्यांच्या मुलाने, ठाण्याला घोडबंदर रोडवर मोठा फ्लॅट घेतला तेव्हा ते शब्द देऊन बसले होते, की इंजिनाने शिटी मारली की डोंबिवलीचं घर विकून तिकडे येतो. अनिमेष अजून फोनवर चेष्टा करायचा, बाबा, तुमची गाडी सुटेपर्यंत मीच रिटायर होईन.

बाईंना कुणी विचारलं नव्हतं. शेजारची संचिता, दारावर येऊन अर्धा तास बोलत बसणारी भाजीवाली रखमाबाई, वाऱ्यावर येणारा कंपन्यांचा वाससुद्धा, सगळं त्यांचं इथलं होतं. तिकडे लिफ्टमध्ये कुणी कुणाकडे बघतसुद्धा नाही, हे त्या चार दिवस राहून पाहून आल्या होत्या.

म्हणून श्रीपादराव संध्याकाळी फिरायला गेले की त्या डाख वितळवायला सोल्डर गन तापवून सांध्याला टेकवायच्या. पहिल्या वेळी सांधा जराही सैल झाला नाही. गन घसरली आणि मनगट भाजलं. पोळ्या करताना लागलं, असं त्यांनी सांगितलं. श्रीपादरावांनी मलम लावलं.

पुढे नळी तिरकी वाटते म्हणून श्रीपादरावांनी ती काढून पुन्हा बसवली. तेव्हापासून मात्र गन टेकताच सांधा सुटू लागला. बाईंना वाटलं, आपला हात बसला. पण त्याचा आनंद नव्हता. त्यांची मेहनत उसवायची आणि वर त्यांनाच चहा करून द्यायचा, याचाच आता शीण यायचा.

रविवारी कल्याणहून गुरुदत्त आले, वर्कशॉपमधले जुने सोबती. बाई पोह्यांच्या बशा घेऊन दाराशी पोचल्या तेव्हा ते इंजिन उचलून सांधा नखाने खरवडत होते.

"श्रीपाद, वाफेच्या नळीला कथलाचा डाख? साधी गन टेकवली तरी सुटेल हा. तू तर चांदीच्या डाखाशिवाय नळीला हात लावायचा नाहीस."

बाई तिथेच थबकल्या.

श्रीपादराव पाठमोरे बसून कानस पुसत होते.

"हळू बोल," ते म्हणाले. "चांदीचा तिला सुटत नाही. मनगट भाजून घेते."